दुपारच्या गोळीची गाडी

आमच्या घरात दुपारची गोळी गाडीने जायची. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टेशन. तिथे मी वाटीत गोळी टाकायची, वाटी शेवटच्या उघड्या डब्यात ठेवायची आणि बटण फिरवून गाडी सोडायची. गाडी पॅसेजच्या भिंतीकडेने घूं करत जायची आणि लहान खोलीत ह्यांच्या पलंगाशी थांबायची. हे आपल्या चालत्या हाताने वाटी उचलायचे, गोळी घ्यायचे आणि रिकामी वाटी परत पाठवायचे. गाडी, रूळ, स्टेशन, सगळं प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं. मुलं एकात एक बसवून घरं बांधतात ना, तेच ठोकळे.

हे जन्मभर रेल्वेत होते. केबिनमध्ये बसून पॉइंट बदलायचं काम. पॉइंट म्हणजे एका लाइनीच्या दोन लाइनी होतात ती जागा. तिथली रुळाची जीभ इकडून तिकडे सरकवली की गाडीची वाट बदलते. अर्धांगाचा झटका आला, एक बाजू गेली, बोलणं जड झालं, पण ऐट होती तिथेच राहिली. माझ्या हातून गोळी घ्यायची म्हटलं की तोंड फिरवायचे. "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणायचे. माल आला तर उतरवून घेईन, आयता भरवून घेणार नाही, हा हट्ट. मग सुनेने ही युक्ती काढली.

माझी सून लिफ्ट दुरुस्त करते. लग्नात लोकांनी नाकं मुरडली होती, मुलगी पाना घेऊन फिरते म्हणून. मी तिथल्या तिथे सांगितलं, "तुमच्या सुना जिभेचा पट्टा घेऊन फिरतात, माझी पाना घेऊन फिरते. माझं बरं चाललंय." तिच्या तोंडावर कधी कौतुक केलं नाही. शेफारते.

तिने पॅसेजमधल्या पॉइंटला ठोकळ्यांचंच एक घर बांधलं. आत बोटाएवढी मोटर, मोटरीला दातेरी चाक, चाकाखाली दातेरी पट्टी. चाक फिरलं की पट्टी सरकायची आणि पॉइंटचा दांडा ढकलायची. मोटरीची तार शेजारच्या सेलच्या डबीला, आणि त्या डबीला हुकूम ह्यांच्या उशाशी ठेवलेल्या रिमोटने. पहिल्यांदा पलंगावरून बटण दाबलं, पॅसेजमध्ये खट्ट वाजलं, आणि ह्यांचा अर्धा चेहरा असा हसला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

पण गप्प बसतील तर ते हे कसले? त्यांनी सुनेला पॉइंटला एक रबर लावायला सांगितलं.

"बाबा, रबर कशाला? मोटर धरून ठेवतेय की."

"मोटर मेली तर? सेल संपला तर? काहीही होवो, पॉइंटने आपलंआपण सरळ लाइनीवर यायचं. सरळ लाइन म्हणजे सुरक्षित लाइन."

"आमच्या लिफ्टचंही असंच. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो," सून म्हणाली आणि तिनेच रबर ताणून अडकवलं. दोघं शहाणी एकमेकांकडे बघून खूश.

"एकमेकांची आरती ओवाळून झाली असेल तर कोणीतरी भांडी घासायला या," मी म्हटलं.

तेव्हा ह्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत होता. सरळ लाइन त्या पलंगाशी जायची आणि बाजूची लाइन लहान खोलीत, नातीच्या खेळण्यांत. पुढे न्हाणीघर जवळ पडावं म्हणून पलंग लहान खोलीत आणला आणि नातीची सतरंजी बाहेरच्या खोलीत गेली. रूळ होते तसेच राहिले. आता गोळीच्या वेळी हे बटण दाबून पॉइंट बाजूच्या लाइनीवर घ्यायचे, की गाडी त्यांच्याकडे वळायची. इतकं सुरळीत चाललं होतं की रबर कोणाच्या डोक्यातच राहिलं नाही.

त्या डबीला एक खोड होती. तीही सुनेने सांगितली होती. बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही तर डबी झोपते, सेल वाचावेत म्हणून. हिरवा दिवा विझला की झोपली म्हणायचं. मग रिमोट कितीही दाबा, उपयोग नाही. पॅसेजमध्ये जाऊन डबीवरचंच बटण दाबून तिला उठवायला लागतं.

त्या दुपारी लेक कामावर होता. सून पहाटेपासून कुठल्यातरी इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवून आली होती आणि तिच्या खोलीत दार लावून झोपली होती. भिंगरी, म्हणजे नात, अजून दोन वर्षांचीही नाही, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ठोकळे मांडून बसली होती. तिच्या हातात बिस्किट दिलं होतं. मी गोळी वाटीत टाकली आणि रोजच्यासारखी हाक दिली, "सोडते हो!"

पॅसेजमध्ये खट्ट झालं. "लाइन क्लिअर!" आतून आवाज आला.

मी बटणाला हात घालणार तेवढ्यात फोन वाजला. माझी धाकटी जाऊ. तिला एकदा बोलायला बसवलं की ती उठते कुठे! तिची शेजारीण, तिचा गुडघा, परत तिची शेजारीण. मी फोन खांद्याशी धरून मिक्सर लावला. तिचं संपलं, मिक्सर चालूच होता, गाडी समोर उभी दिसली, आणि मी बटण फिरवलं. दुसऱ्यांदा हाक दिली नाही. एकदा लाइन क्लिअर मिळाली होती ना.

मिक्सर बंद केला तेव्हा आतून आवाज येत होता. बोलणं नव्हे, घशातून काढलेला घरघर आवाज. मला वाटलं, दुसरा झटका आला. धावत लहान खोलीत गेले. ह्यांचा चेहरा लालभडक, अंगठा रिमोटवर, दाबतायत, दाबतायत. पलंगाशी गाडी नाही.

"ति... तिकडे," हे म्हणाले. "पोर."

माझ्या पायांना हे मनाच्या आधी कळलं. बाहेरच्या खोलीत गाडी भिंगरीच्या ठोकळ्यांच्या ढिगात तोंड खुपसून उभी होती, चाकं जागच्या जागी फिरत होती. वाटी सतरंजीवर पालथी. आणि भिंगरी तोंड हलवत होती.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. पांढरा, चिकट लगदा आला. बिस्किटाचा असेल. बिस्किट पिवळं होतं की पांढरं, मला आठवेना. आत्ता तासाभरापूर्वी माझ्या हाताने दिलेलं बिस्किट! मी बोट हुंगलं, चाटलं. काही कळलं नाही. माझी जीभच कोरडी पडली होती.

"काय खाल्लंस, बाळा? दाखव आजीला."

तिने तोंड उघडलं, हसली आणि म्हणाली, "अजून."

ती गोळी ह्यांच्या हृदयाचे ठोके हळू करते. चांगल्या बाप्याचे ठोके हळू करणारी गोळी या एवढ्याशा छातीचं काय करेल, हे सांगायला शाळा शिकायला लागत नाही. मी सुनेच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

ती उठून आली, बघितलं, ऐकलं. मी सांगत होते ते धड वाक्य नव्हतंच. तिने आधी गाडीचं बटण बंद केलं, मग मुलीला कडेवर घेतलं, मग दवाखान्यात पोरीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. या क्रमाने. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही.

"बोटं घालून उलटी काढू नका म्हणतायत. लगेच घेऊन या म्हणतायत. आई, गोळ्यांची पट्टी द्या."

"मी येते."

"बाबांजवळ कोण? तुम्ही इथे थांबा आणि गोळी शोधा. सापडली तर लगेच फोन करा. नाही सापडली तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि चप्पल न घालता निघाली. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला जेवत होता, तो हात न धुता उठला. भिंगरी जाताना मला हात हलवून टाटा करत होती.

मी शोधायला बसले. तुम्ही कधी ठोकळ्यांच्या ढिगात गोळी शोधली आहे का? प्रत्येक ठोकळा खालून पोकळ. प्रत्येकाला उलटं करायचं, आत बघायचं, बाजूला ठेवायचं. पांढरे ठोकळे, पांढरी फरशी, गोळीही पांढरी. पोरीने रचलेली घरं मी एकेक करून मोडली. सतरंजी झटकली, कपाटाखाली झाडू घातला. केसांचा गुंता निघाला, बटण निघालं, गोळी नाही. आणि प्रत्येक रिकाम्या ठोकळ्यागणिक मला ती गोळी तिच्या पोटात जास्त स्पष्ट दिसायला लागली.

आतून हे हाका मारत होते. "खुर्ची. खुर्ची आण." शेवटी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून पॅसेजमध्ये आणलं. त्यांनी खाली पॉइंटकडे बघितलं. जीभ सरळ लाइनीकडे कललेली, डबीचा दिवा विझलेला, रबर आखडलेलं. मग त्यांनी सुन्न हात सुन्न नसल्यासारखा उचलायचा प्रयत्न केला आणि तो मांडीवर पडला.

"मी पॉइंट दिला होता," ते म्हणाले.

"दिला होतात. मग मी टेलिफोनवर बसले. डबी झोपली, मोटरीची पकड सुटली, तुमच्या रबराने पॉइंट ओढून घेतला."

"सरळ लाइनीवर."

"हो. तुमच्या सुरक्षित लाइनीवर." बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचा चेहरा बघवेना.

फोन वाजला. सून. दवाखान्यात भिंगरीच्या छातीला वायरी लावल्यात, पडद्यावर ठोक्यांचा आकडा येतो म्हणाली. "आत्ता ठीक आहे. पण या गोळीचा परिणाम उशिरा दिसतो म्हणे. आकडा खाली यायला लागला तर सलाइनमधून औषध देतील. सापडली?"

"शोधतेय."

"आई, ती पेंगतेय."

"तिची झोपायची वेळच आहे ही."

"हो," सून म्हणाली. "तेच मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तरीपण जागी ठेवा." मग फोनमध्ये तिचा आवाज दुसरीकडे वळला, "भिंगे, डोळे उघड. ए भिंगे, आईकडे बघ," आणि फोन कट झाला.

मी भिंतीला टेकले. पोर झोपेने पेंगतेय की गोळीने, हे कोणी सांगायचं? रोज दुपारी मीच तिला थोपटून झोपवते, तेव्हा ती लवकर झोपावी म्हणून वैतागते. आता कोणीतरी तिला चिमटे काढून जागं ठेवावं असं वाटत होतं.

"गाडी परत सोड," हे म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"तशीच. जशी गेली तशी. दुसरी गोळी घाल."

"अहो, पोर तिकडे..."

"अपघात झाला की आम्ही हेच करायचो!" ते ओरडले. जड जिभेने ओरडले, तोंडातून लाळ आली. "शिव्या नंतर. आधी कुठे घसरली ते बघायचं. सोड."

लग्न झाल्यापासून मी ह्यांचं निमूटपणे ऐकलं असेल असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या दिवशी ऐकलं. एक पट्टी सून घेऊन गेली होती, दुसरी माझ्या डब्यात होती. तिच्यातली गोळी काढली, वाटीत टाकली, वाटी शेवटच्या डब्यात. ह्यांनी खुर्चीतून हात हलवून सांगितलं की डबीला हात लावू नकोस, झोपलेली राहू दे. हे पॅसेजमध्ये, मी बटण फिरवून बाहेरच्या खोलीत पळाले. गोळी ठोकळ्यांवर आपटून कुठे उडते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

गाडी आली. पॅसेजच्या कोपऱ्यावरून वळली, माझ्या पायाशी ढिगात घुसली. वाटी पालथी झाली.

पण त्याआधीच मी बघितलं होतं. वाटी रिकामी आली होती.

"इथे!" पॅसेजमधून हे ओरडले. "इथे पडली! पॉइंटवर!"

मी गेले तेव्हा चाचणीची गोळी भिंतीच्या कडेला पडलेली होती आणि हे बोटाने पॉइंट दाखवत होते. रबराने जीभ ओढली होती, पण पुरती नाही. नखाएवढी फट राहिली होती. इंजिन त्या फटीवरून गेलं, मधले डबे गेले, आणि शेवटच्या हलक्या डब्याने टुणकन उडी मारली. वाटी तिथल्या तिथे टिकली, गोळी बाहेर उडाली.

म्हणजे पहिलीही इथेच उडाली असणार. बाहेरच्या खोलीत गेलीच नसणार. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, कारण लगेच दुसरा विचार आला: मग ती कुठे आहे? पॅसेजची फरशी मी तळहाताने पुसली. दाराखालची फट, पायपुसणं, चपलांच्या आत. काही नाही. आणि दुपारभर भिंगरी या पॅसेजमधून किती वेळा दुडुदुडु गेली असेल? गाडी गेली, गोळी पडली, पोर आली, उचलली, तोंडात टाकली, परत जाऊन बसली. असंही झालं असेल. मी मिक्सरपाशी होते, मला काय माहीत?

"डबी उठव," हे म्हणाले.

"कशाला आता?"

"उठव."

मी डबीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. ह्यांनी रिमोट दाबला. मोटर कण्हली. चाक फिरलं नाही. परत दाबलं. परत तसंच, दाताखाली खडा आल्यासारखं कर्र वाजलं आणि थांबलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी खाली बसले आणि सुनेने इतक्या हौसेने बांधलेलं ते ठोकळ्यांचं घर नखांनी उचकटायला लागले. छप्पर निघेना. एक नख तुटलं. छप्पर निघालं तेव्हा आत दातेरी चाकात पांढरं काहीतरी अडकलेलं दिसलं. अर्धी गोळी. चाकाच्या दोन दातांत चिरडलेली, आणि खाली पट्टीवर पांढरी पूड. छपराखाली एका बाजूने दांड्यासाठी फट ठेवली होती, तिथून आत गेली असणार. आम्हीच आत्ता बटण दाबून तिचा चुरा केला होता.

"अर्धी," मी म्हटलं.

"आणि पूड."

"पूड किती? अर्धी भरेल?"

मी ती पूड बोटाने एका कागदावर गोळा केली, अर्धा तुकडा शेजारी ठेवला, आणि चाचणीची अख्खी गोळी शेजारी ठेवून तोलून बघितल्यासारखं करत बसले. डोळ्यांना काय कळणार? एकदा वाटायचं भरतेय, एकदा वाटायचं कमी पडतेय. आधीच तुटलेली असली तर? अर्धी इकडे, अर्धी फरशीवर, आणि फरशीवरची...

सुनेला फोन लावला. तिने फोन सरळ डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

"अर्धा तुकडा नक्की सापडलाय ना, आजी?"

"माझ्या हातात आहे. पूडही आहे. आम्हीच चिरडली ती, मोटर चालवून."

"मोटर?"

"लांबलचक कहाणी आहे, बाई. मुलीचं सांगा."

"आकडा अजून चांगला आहे. तुम्ही सांगताय त्यावरून तिच्या पोटात काही गेलं नसावं, गेलं असेल तर थोडं. पण नसावं यावर मी तिला घरी पाठवणार नाही. उद्यापर्यंत ठेवते."

"ठेवा," मी म्हटलं. "हवं तेवढं ठेवा." मला घासाघीस करायची सवय आहे, भाजीपासून सुतारापर्यंत, पण तिच्याशी एक शब्द वाढवला नाही.

मग सून फोनवर आली. ती म्हणाली, "डबी झोपते हे मला माहीत होतं, आई. रबर मीच लावलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या, एकत्र कधी आल्या नाहीत."

"पलंग मी हलवायला लावला," मी म्हटलं. "आता बस कर. रडायला आपल्या दोघींना उद्यापासून पुष्कळ वेळ आहे. ती झोपली का?"

"झोपू द्या म्हणाले. मशीन लावलंय, त्यावर कळेल."

"मग फोन ठेवू नकोस. त्या मशीनजवळ धर."

तिने कशाला म्हणून विचारलं नाही. फोन तिकडे कुठेतरी टेकवून ठेवला असणार, कारण पावलांचे, ट्रॉलीचे आवाज आले, आणि त्यांच्यामागे बारीक, एकसारखं टीं, टीं, टीं.

मी फोन स्पीकरवर टाकून ह्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. बाहेर उजेड मावळत आला होता, दिवा लावायचं सुचलं नाही. फरशीवर उघडं पडलेलं मोटरीचं घर तसंच होतं.

"हळू झालं का हो?" मी विचारलं.

"नाही."

"आत्ता मध्ये जास्त वेळ गेला."

"नाही गेला. गप्प बस, ऐकू दे."

मी गप्प बसले. एक टीं झालं. मी पुढच्याची वाट बघितली. ते आलं. मग त्याच्या पुढच्याची.